कार्डावरचा आकडा आणि कार्डातली जागा

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात आयसेलिन नावाचे गाव आहे. या गावातून ओक ट्री रोड हा रस्ता जातो आणि पुढे शेजारच्या एडिसन गावात शिरतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना साड्यांची, सोन्याची, मिठाईची आणि किराणा मालाची आपल्या लोकांची दुकाने इतकी दाट आहेत, की पोर्ट लुईच्या बाजारात वाढलेल्या माणसालाही तेथे परके वाटत नाही. गावातच मेट्रोपार्क हे १९७१ साली सुरू झालेले रेल्वे स्टेशन आहे; तेथून न्यूयॉर्कची गाडी मिळते.

गेल्या हिवाळी सुट्टीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, आम्ही आयसेलिनला आमच्या आत्याबाईंकडे गेलो होतो. आत्याबाईंचे वय ८६. साठच्या दशकात त्या नर्सिंग शिकायला बेटावरून विलायतेला गेल्या, आणि पुढे लेकीच्या संसाराबरोबर अमेरिकेत आल्या. त्यांच्या आईने, म्हणजे आमच्या आजीने, साखरेच्या इस्टेटीवरच्या कॅम्पात जात्यावर म्हटलेल्या ओव्या त्यांना पाठ होत्या. आमच्या घराण्यात त्या म्हणणारे दुसरे कोणी उरलेले नाही. म्हणून आम्ही बेटावरून निघतानाच कॅमेरा बरोबर घेतला होता. आत्याबाईंना समोर बसवायचे, त्यांना आठवेल तसे म्हणू द्यायचे, आणि चित्र व आवाज दोन्ही टिपून आणायचे असा बेत होता.

कॅमेऱ्यात जुने छोटे कार्ड होते. ते पुरणार नाही म्हणून नवे घ्यायला आम्ही बाजारात गेलो. एका दुकानात ५१२ जीबीचे कार्ड मिळाले. त्याच आकड्याच्या कार्डाला इतरत्र जी किंमत सांगत होते, तिच्या निम्म्याहूनही ते स्वस्त होते. आमचा भाचा संगणकाच्या कामात आहे. तो म्हणाला, “मामा, एवढं स्वस्त कसं? आधी घरी नेऊन तपासू या.” आम्ही म्हणालो, “अरे, पाकिटावर आकडा छापलेला आहे, आणखी काय तपासायचं?” शाळेत मुलांना पडताळा घ्यायला शिकवणारे आम्ही, पण त्या दिवशी आम्ही स्वतः पडताळा घेतला नाही.

पहिल्या संध्याकाळी आत्याबाई सव्वा तास म्हणत होत्या. दुसऱ्या संध्याकाळी त्या जास्तच रंगल्या. आईच्या, माहेरच्या, भावाच्या, विठोबाच्या अशा कितीतरी ओव्या त्यांनी म्हटल्या. कार्डावर अजून भरपूर जागा शिल्लक असल्याचे कॅमेरा दाखवत होता, म्हणून ते तसेच ठेवून आम्ही घरी आलो. घरच्या संगणकात कार्ड घातले तेव्हा पहिली संध्याकाळ नीट दिसली. दुसऱ्या संध्याकाळच्या पहिल्या दोन ओव्या ऐकू आल्या आणि पुढे काही नाही. फाइलींची नावे होती, तारखा होत्या, आकार होते. उघडून पाहावे तर आत काहीच नव्हते.

हे कसे घडले ते भाच्याने फोनवर समजावून सांगितले. आपल्या घरोघरी आता कॅमेरे आहेत आणि गणेशचतुर्थीला तर प्रत्येक अंगणात चित्रीकरण चालते, म्हणून ते वाचकांनाही सांगतो.

मेमरी कार्डात दोन मुख्य भाग असतात. एक म्हणजे माहिती साठवणारी चिप, आणि दुसरा म्हणजे त्या चिपचा कारभार पाहणारा छोटा नियंत्रक. कार्डात जागा किती, हे कॅमेऱ्याला नियंत्रक सांगतो. कॅमेरा स्वतः मोजत नाही. बनावट कार्डात चिप लहान असते, पण नियंत्रकाला खोटा आकडा शिकवलेला असतो. आमच्या कार्डात खरी जागा ३२ जीबी निघाली. तेवढी भरेपर्यंत सगळे सुरळीत चालले. त्यानंतर कॅमेरा लिहीत राहिला आणि नियंत्रक “मिळाले, मिळाले” म्हणत राहिला, पण ठेवायला जागा नव्हती. फाइलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून नावे तेवढी शाबूत राहिली. दुकानदाराला हे ठाऊक होते की त्यालाही कोणी फसवले होते, ते आम्हांला सांगता येणार नाही.

म्हणून पहिला नियम हा, की नवे कार्ड तपासल्याशिवाय समारंभाला न्यायचे नाही. यासाठी फुकट मिळणारे प्रोग्राम आहेत. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ चालतो, मॅक आणि लिनक्सवर ‘एफ३’ चालतो. रिकाम्या कार्डाला ते काठोकाठ भरतात आणि भरलेले सगळे परत वाचून जुळते का ते पाहतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात. रात्री लावून झोपावे. एवढेही करायचे नसेल, तर निदान कार्ड नावाजलेल्या कंपनीचे, खात्रीच्या दुकानातून आणि पावतीसह घ्यावे, आणि किंमत फारच उतरलेली दिसली तर पाय मागे घ्यावा.

येथे एक खुलासा केला पाहिजे. खऱ्या ६४ जीबीच्या कार्डात संगणक साधारण ५९.६ जीबी जागा दाखवतो. ती लबाडी नव्हे. कार्ड बनवणारे दर पायरीला १,००० ने गुणतात आणि विंडोजचा संगणक १,०२४ ने भागतो, एवढाच तो फरक आहे. तेवढ्यासाठी दुकानदाराशी भांडायला जाऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणते कार्ड आपल्या कॅमेऱ्याला चालते. आज बहुतेक कॅमेऱ्यांत ‘एसडी’ जातीचे कार्ड बसते. पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी ते १९९९ साली पुढे आणले. सॅनडिस्कच्या तीन संस्थापकांपैकी एक, संजय मेहरोत्रा, हे कानपूरला जन्मलेले. या कार्डाचा आकार ३२ मिलिमीटर उंच आणि २४ रुंद असाच राहिला, पण पोटातल्या पिढ्या बदलल्या. नुसते ‘एसडी’ म्हणजे २ जीबीपर्यंत, ‘एसडीएचसी’ म्हणजे ३२ जीबीपर्यंत आणि ‘एसडीएक्ससी’ म्हणजे २ टेराबाइटपर्यंत. नव्या कॅमेऱ्यात जुने कार्ड सहसा चालते, पण जुन्या कॅमेऱ्यात नवे चालेलच असे नाही. घरातला कॅमेरा पंधरा-वीस वर्षांचा असेल, तर त्याच्या पुस्तिकेत कोणती पिढी लिहिली आहे ते आधी पाहावे, नाहीतर कार्ड बसेल पण कॅमेरा ते ओळखणार नाही. परदेशात घेतलेले कार्ड आपल्याकडे चालेल का, असे पुष्कळजण विचारतात. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आणि आपल्याकडे २३० व्होल्टची, त्यामुळे चार्जर पाहून घ्यावा लागतो. कार्डाला मात्र देशाचे बंधन नाही.

तिसरी गोष्ट वेगाची. कार्डाच्या तोंडावर १७० किंवा २०० असा मोठा आकडा छापतात. तो बहुधा वाचनाचा वेग असतो, आणि तोही जास्तीत जास्त. चित्रीकरणाला उपयोगी पडतो तो लिहिण्याचा वेग, आणि तोही कमीत कमी किती मिळेल हा. त्यासाठी बारीक खुणा पाहाव्यात. इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या पोटात १० असेल, तर सेकंदाला निदान १० मेगाबाइट. ‘यू’च्या पोटात १ असेल तर तेवढेच, ३ असेल तर ३०. ‘व्ही’पुढे ३०, ६० किंवा ९० असेल, तर तितके मेगाबाइट.

आता हिशोब करू. साध्या फुल एचडी चित्रीकरणाला आमचा कॅमेरा सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट लिहितो, म्हणजे तासाला साडेबावीस जीबी. त्याला ‘सी १०’ पुरते. फोर-के चित्रीकरण सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या दराने केले, तर तासाला ४५ जीबी लागतात. तेथे ‘यू ३’ किंवा ‘व्ही ३०’ घ्यावे, नाहीतर ऐन आरतीत चित्रीकरण थांबते. नुसते फोटो काढणाऱ्याला इतकी चिंता नको. एक चांगला फोटो सुमारे १० मेगाबाइटचा धरला, तरी ३२ जीबीत ३,००० फोटो मावतात. एवढे फोटो पुन्हा बसून पाहणारे घर आम्हांला अजून भेटलेले नाही.

या हिशोबावरून दिसते, की ५१२ जीबीची आम्हांला मुळात गरजच नव्हती. ६४ जीबीची दोन खरी कार्डे घेतली असती, तर एकेका संध्याकाळीला एकेक कार्ड पुरून उरले असते, आणि एक बिघडले तरी दुसरे वाचले असते. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत, हे आपल्या आया सांगत आल्या आहेत; आम्ही मोठी टोपली मिळाली म्हणून हुरळलो.

चौथी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. कार्ड ही पिशवी आहे, पेटी नव्हे. बाजारातून घरी आणण्यापुरती पिशवी. जपून ठेवायची वस्तू पेटीत. कार्डाच्या चिपमध्ये माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विजेचा भार असतो. पुन्हा पुन्हा लिहिल्याने ते कप्पे झिजतात, आणि वर्षानुवर्षे खणात पडलेल्या कार्डातला भार हळूहळू गळतो. म्हणून त्याच दिवशी संगणकावर उतरवून घ्यावे, उघडून पाहावे, आणि आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. तिसरी प्रत दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा लेकीकडे ठेवावी. २०२४ च्या जानेवारीत बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईत पाणी कसे चढले ते आपण पाहिले आहे. एकाच कपाटातल्या तीन प्रती ही एकच प्रत समजावी.

प्रती झाल्या की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढू नये. चुकून काही पुसले गेले, तर त्या कार्डावर पुढे काहीही न टिपता ते बाजूला काढावे. वर नवे लिहिले गेले नसेल, तर पुसलेले बहुधा परत मिळवता येते. आमचे मात्र मिळाले नाही, कारण ते कधी लिहिलेच गेले नव्हते.

आयसेलिनच्या शेजारीच मेन्लो पार्क आहे. तेथे एडिसनने १८७६ साली प्रयोगशाळा उभारली आणि पुढच्याच वर्षी कथिलाच्या पातळ पत्र्यावर माणसाचा आवाज कोरून तो पुन्हा ऐकवला. भाच्याने आम्हांला तेथले छोटे संग्रहालय दाखवले होते. तो पत्रा थोड्या वेळा वाजवला की निकामी होत असे. तेव्हा आम्हांला त्याचे हसू आले होते. आत्याबाईंचा आवाज त्याच परिसरात, दीडशे वर्षांनंतरच्या साधनाने, आम्ही एकदाही परत न ऐकता गमावला.

आमच्या घरी भिंतीवर एक फोटो आहे. १८६० च्या दशकात मजुरांच्या तिकिटासाठी येथे फोटो काढू लागले, त्यानंतरच्या काळातला तो आमच्या खापरपणजोबांचा. मूळ नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यावरून आमच्या वडिलांनी प्रत काढून आणली. खापरपणजोबांचा हा एकच फोटो, आणि तोही त्यांनी हौसेने काढलेला नव्हे, सरकारला ओळख पटावी म्हणून काढलेला. तरी तो टिकला, कारण कोणीतरी तो नीट नोंदवून ठेवला आणि दुसऱ्या कोणीतरी त्याची प्रत काढली.

हकीकत कळल्यावर भाच्याने आत्याबाईंना पुन्हा बसवले आणि दोन वेगळ्या कार्डांवर टिपून घेतले. निम्म्या ओव्याच परत आल्या. फोनवर त्या आम्हांला म्हणाल्या, “अरे बाबा, जातं फिरलं की ओवी येते. त्या दिवशी तुला बघून आई आठवली, म्हणून आल्या. आता बोलावून येत नाहीत.”

ज्या निम्म्या आल्या त्यांच्या तीन प्रती आम्ही तीन घरी ठेवल्या आहेत. आपल्याही घरात कोणी आजी, आत्या, मावशी असेल, तर येत्या चतुर्थीची वाट पाहू नका. कार्ड लहान घ्या, खरे घ्या, आधी तपासा, आणि त्यांनी म्हटलेले त्याच रात्री त्यांनाच परत ऐकवा. त्यांना आनंद होईल, आणि आपला पडताळाही होईल.