सी सुरक्षित होतंय, पण पॅकेज कोण बांधणार?

फर्स्ट इयरला दहा घरांच्या अ‍ॅरेत अकरावा आकडा टाकला, तरी सीचा कंपायलर अनेकदा गप्पच बसतो. प्रोग्राम चालतोही! पण तो आकडा शेजारच्या मेमरीत घुसलेला असतो आणि हॅकरला हवी असते ती नेमकी हीच फट. आपल्या सुरक्षा-त्रुटींपैकी साधारण ७० टक्के मेमरीच्या असतात, असं मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं.

यावर फिलिप पिझलो यांनी ‘फिल-सी’ हा कंपायलर बनवलाय. यात प्रत्येक पॉइंटरची हद्द पडद्याआड नोंदलेली असते. ती ओलांडली, की प्रोग्राम जागीच थांबतो. त्यासाठी वेग गमवावा लागतो, पण खरी मेख वेगळीच आहे. असा प्रोग्राम नेहमीच्या लायब्ररींशी जुळत नाही. डेबियन किंवा फेडोरात तो आणायचा, तर लागणारी प्रत्येक लायब्ररी नव्याने कंपाइल करा, अडेल तिथे पॅच लावा, पुन्हा तपासा. हे काम पॅकेजरचं.

पुण्याला हे जग नवं नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये सीओईपीत फेडोराची ‘फडकॉन’ परिषद भरली होती. रेड हॅटच्या पुणे ऑफिसात काम केलेल्या सिद्धेश पोयरेकर यांनी जीसीसी १२ मध्ये, प्रोग्राम चालू असताना मेमरीचा आकार ओळखणारी सोय आणली. तिच्याच जोरावर २०२३ च्या फेडोरा ३८ ची पॅकेजं जास्त कडक तपासणीसह बांधली गेली. ही तपासणी प्रत्येक चूक पकडत नाही, पण रोजच्या वापरात ती आलीय.

तेव्हा पॅकेजिंग म्हणजे नुसतं झिप करणं नव्हे. कंपायलर कितीही भारी असो, तो लॅपटॉपपर्यंत पोचवायला माणसं लागतात. सी येतंय ना? मग एक छोटी लायब्ररी घ्या आणि बांधून बघा!