अकरावे चिन्ह

जासईच्या रस्त्याने न्हावा-शेवा बंदराकडे निघालेल्या कंटेनरवर चार अक्षरे आणि सात अंक दिसतात. अखेरचा अंक पडताळणीचा. आधीच्या दहा चिन्हांवर ठरलेले गणित करून तो काढतात. नोंद चुकली की बहुधा तो जुळत नाही आणि चूक दारातच सापडते.

संगणकीय डेटाबेसही हाच मार्ग अनुसरतो. माहितीच्या प्रत्येक पानासोबत ‘चेकसम’ साठवून वाचताना तो पुन्हा ताडला जातो. ‘पोस्टग्रेस’मध्ये ही ऐच्छिक सोय २०१३ साली आली. मात्र न उघडलेल्या पानातील बिघाड मूकच राहतो आणि साध्या नकलेतून बॅकअपमध्येही उतरतो. म्हणून संस्थेची संगणकीय नोंदवही रोजमेळाप्रमाणे नियमित पडताळावी. शेवटची शुद्ध प्रत पुसली जाण्यापूर्वीच.