‘सर, थांबा!’ म्हणता आलं पाहिजे
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या अणदूरला मुलांना लहानपणीच शिकवतात, मोठ्यांना उलट बोलू नये. मीही तेच शिकलो. पण गावातली मुलं ‘पायलट व्हायचंय’ म्हणाली की मी त्यांना मंगळूरची हकीकत सांगतो.

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली. विमान चुकीच्या उंचीवरून उतरतंय, हे सहवैमानिकाला कळलं होतं. ‘उतरू नका, पुन्हा वर घ्या,’ असं त्यानं तीनदा सुचवलं. कॅप्टननं ऐकलं नाही, असं चौकशीत निघालं.

म्हणून वैमानिक निवडताना नुसती हुशारी पाहत नाहीत. हवाई दलाच्या निवडीत कलचाचणी असतेच, शिवाय उमेदवारांना गटात काम देऊन कोण दुसऱ्याचं ऐकतो, हेही पाहतात. पुढे सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, कॅप्टन मुद्दाम गप्प बसतो. दोनदा टोकूनही उत्तर आलं नाही, तर सहवैमानिकानं विमान हाती घ्यायचं, असा सराव असतो. टोकणाऱ्याचा राग धरू नये, हे कॅप्टनलाही शिकवतात.

‘मग मोठ्यांना उलट बोलायचं?’ मुलं विचारतात. मी म्हणतो, आवाज चढवू नका, पण मागं बसलेल्यांचा जीव धोक्यात असेल तर गप्पही बसू नका.

आणि आपण मोठ्यांनीही घरात मुलानं टोकलं तर एकदा ऐकून घ्यावं. ही सवय घरातूनच लागते.