सहकार आणि सातबारा

दुबळ्यांनी एकत्र येऊन उभे केलेले बळ म्हणजे सहकार, ही व्याख्या आपण वर्गात शिकवतो. ती खोटी नाही. पण शासनाचे पाठबळ दुबळ्यांकडे येताना वाटेत कुठे अडते, हे तपासल्याशिवाय ती अपुरीच आहे.

१९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे अशा कारखान्यांना शासनाने भागभांडवल दिले, कर्जाला हमी दिली. परंतु तिथे सभासदाजवळ जमीन आधीच होती. ऊस तिच्यातून आला, पतही तिच्यातूनच आली.

आता तळेऱ्याचा आमचा मुलूख पाहा. इथला पैसा आंबा-काजूत आहे. १९९० साली शासनाने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली आणि कोकणातले कातळ-वरकस हिरवे झाले. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण अनुदान खातेदाराला मिळाले. भूमिहीनाच्या वाट्याला खड्डे खणण्याची मजुरी आली. मजुरी त्याच हंगामात संपली, कलमे मात्र आजही फळ देतात.

हा योगायोग नव्हे. खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. तोवर जमिनीची वाटणी जातीने करून ठेवली होती. आमच्यापैकी ज्यांच्याकडे तुकडा आहे, त्यांचाही सातबारा बहुधा सामाईक. निम्मे हिस्सेदार मुंबईला, आणि सगळ्यांच्या सह्या नसतील तर तारण होत नाही.

अनुसूचित जातींच्या सहकारी औद्योगिक संस्थांसाठी राज्य शासनाने २००४ मध्ये योजना केली. तिच्यात संस्थेचे ५ टक्के, शासनाचे भागभांडवल ३५ टक्के, शासनाचे दीर्घ मुदतीचे कर्ज ३५ टक्के आणि बँकेचे कर्ज २५ टक्के असा हिशेब आहे. हिशेब उदार आहे. पण शेवटच्या २५ टक्क्यांसाठी बँकेच्या दारात गेले की पुन्हा तारणाचा प्रश्न येतो. यंत्र आले, तरी कच्चा माल घ्यायला खेळते भांडवल लागते आणि माल विकायला हक्काचा गिऱ्हाईक लागतो. ते नसेल तर शेडला कुलूप लागते, आणि मग ‘यांना सहकार जमत नाही’ असे म्हणायला लोक मोकळे होतात.

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये जमीन राज्याच्या मालकीची करून ती जातिभेद न करता गावकऱ्यांच्या गटांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, आणि बैल, अवजारे, बी, खत, पाणी यांचा पैसा राज्याने पुरवावा, असे मांडले होते. साधन आधी, संघटन त्याच्या जोडीने, हा त्या मांडणीचा गाभा आहे. आजचे धोरण संघटनेची नोंदणी आधी मागते आणि साधनाचा प्रश्न पुढे ढकलते.

२००४ पासूनच भूमिहीनांना जमीन देणारी दादासाहेब गायकवाड योजनाही आहे. ती सहकारी संस्थांच्या योजनेशी जोडावी, जमीन गटाला सलग द्यावी आणि शासकीय वसतिगृहे व आश्रमशाळांची खरेदी अशा संस्थांकडून करावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. त्यासाठी कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी आधी आपापल्या गावचे सातबारे वाचायला बसावे.