आधी किंमत, मग लस

तान्ह्या बाळाच्या डोक्यावर हात फिरवला की मऊ लागते ती टाळू. आपल्याकडे आजी तिच्यात तेल जिरवते. डॉक्टरांना मात्र तीच टाळू कवटीच्या आतल्या दाबाची खबर देते. बाळ शांत आहे, उभे धरले आहे, तरी टाळू टम्म फुगलेली; अंगात ताप, दूध ओढत नाही, उचलून घेतले की गप्प होण्याऐवजी जास्तच किंचाळते. एवढ्यावर मेंदूज्वराची शंका घ्यावी लागते. मान ताठण्याची वाट पाहून चालत नाही, कारण इतक्या लहान मुलाची मान पुष्कळदा ताठतच नाही.

मेंदूज्वर हा शब्द आपण जरा सैल वापरतो. डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर वेगळा. तो विषाणूचा आणि खुद्द मेंदूचा. इथे सांगतो आहे तो जिवाणूंचा, मेंदूभोवतीच्या आवरणांना सूज आणणारा. हे जिवाणू मुळात घशात राहतात, आणि बहुतेकांच्या घशात काहीही न करता राहतात. एखाद्यातच ते रक्तात उतरतात आणि तिथून मेंदू व मणक्याभोवतीच्या पाण्यात पोहोचतात. निरोगी माणसाच्या पाठीतून सुईने काढलेले हे पाणी नळाच्या पाण्यासारखे नितळ असते. आजारात ते तांदळाच्या धुवणासारखे गढूळ येते.

या आजाराचे माहेरघर म्हणावे असा एक पट्टा आफ्रिकेत आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, सहारा वाळवंटाच्या खालच्या अंगाला, २६ देशांतून तो जातो. लापेसोनी या फ्रेंच डॉक्टरांनी १९६३ मध्ये तो नकाशावर आखून दाखवला. डिसेंबरपासून तिथे हरमत्तान नावाचा कोरडा, धुळीचा वारा सुटतो. घसे सुकतात, आतली नाजूक त्वचा सोलवटते, आणि घशातल्या जिवाणूला रक्ताची वाट मोकळी होते. साथ मे-जूनपर्यंत चालते आणि पाऊस पडला की ओसरते. नायजर आणि उत्तर नायजेरियातल्या हौसा भाषेत या रोगाला ‘सांकाराऊ’ हे स्वतःचे नाव आहे. रोगाला घरगुती नाव असणे म्हणजे तो किती मुरलेला आहे ते समजावे.

१९९६-९७ च्या साथीत या पट्ट्यात अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले, २५ हजार दगावले. जे वाचले त्यांचे पुढे काय झाले, ते या आकड्यांत दिसत नाही. दाह कानाच्या आतल्या शंखापर्यंत पसरतो आणि ऐकण्याच्या पेशी जळून जातात. दीड-दोन वर्षांचे मूल ताप उतरल्यावर हसते, खेळते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. हाक मारली की वळत नाही, शिकलेले चार शब्दही गळत चालले, हे ध्यानात यायला महिने जातात. शंखात हळूहळू हाड भरत गेले तर पुढे तिथे ऐकण्याचे यंत्र बसवणेही अवघड होते. अर्थात नायजरमधल्या खेड्यात ते यंत्र येणार तरी कुठून.

औषधे आहेत, आणि ती वेळेवर मिळाली तर जीव वाचतो. पण उपचार जसाच्या तसा उचलून दुसरीकडे नेता येत नाही. श्रीमंत देशांत या मुलांना प्रतिजैविकाबरोबर स्टिरॉइड देण्याची पद्धत आहे. मलावीतल्या ब्लँटायरमध्ये तेच करून पाहिले तेव्हा मृत्यू कमी झाले नाहीत. २००२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथली मुले उशिरा पोहोचत होती, कुपोषित होती, अनेकांना एचआयव्ही होता. अशा ठिकाणी रोग होऊच न देणे हाच खरा उपाय.

लस नव्हती असेही नाही. या जिवाणूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचे कवच असते, आणि त्या साखरेवरून त्याचे ए, सी असे गट पडतात. जुनी लस म्हणजे नुसती ती साखर. पण दोन वर्षांखालच्या मुलाची रोगप्रतिकारशक्ती नुसत्या साखरेला भीक घालत नाही. मोठ्यांनाही लस दोन-तीन वर्षेच पुरायची, आणि घशातला जिवाणू तसाच राहून दुसऱ्याकडे जायचा. त्यामुळे साथ सुरू झाली की लस घेऊन धावायचे, असा दरवर्षीचा खेळ.

तोड ठाऊक होती: साखर एखाद्या प्रथिनाला जोडायची. अनोळखी पाहुणा ओळखीच्या मामाचे बोट धरून आला की लहान मूलही त्याला लक्षात ठेवते, तसेच हे. १९९९ मध्ये ब्रिटनने ‘सी’ गटाच्या जिवाणूविरुद्ध अशी लस मुलांना द्यायला सुरुवातही केली. आफ्रिकेत धुमाकूळ होता ‘ए’ गटाचा. विज्ञान तेच, गिऱ्हाईक मात्र गरीब. मोठ्या कंपन्यांना त्यात रस वाटेना.

२००१ मध्ये पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी गेट्स फाउंडेशनच्या सात कोटी डॉलरच्या मदतीवर प्रकल्प उभा केला. प्रमुख होते डॉ. मार्क लाफोर्स. आफ्रिकेतल्या अधिकाऱ्यांनी त्यांना सांगितले, मात्रा अर्ध्या डॉलरच्या आत बसली तरच आम्हाला परवडेल. मला या सगळ्या कहाणीत हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. एरवी आधी लस बनते, मग किंमत ठरते, आणि गरीब देशांची पाळी कैक वर्षांनी येते. इथे आधी किंमत ठरली आणि तिच्यात बसेल अशी लस करायची होती.

ती झाली पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. साखर सुरुवातीला ॲमस्टरडॅमहून आली, जोडणीचे तंत्र अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेने दिले, आणि ‘मामा’ होता धनुर्वाताच्या लसीतले प्रथिन. ते सीरम वर्षानुवर्षे स्वतःच बनवत होती. मात्रेची किंमत ठरली ४० सेंट, म्हणजे त्या वेळचे जेमतेम १८ रुपये. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. १ ते २९ वर्षे वयाच्या सगळ्यांना टोचायचे होते, कारण घशाघशातून जिवाणू हुसकायचा होता. पुढे ही लस ४० अंशांपर्यंतच्या उन्हात चार दिवस टिकते असे सिद्ध झाले आणि २०१२ मध्ये बेनिनमध्ये बर्फाच्या पेटीवाचून ती गावोगाव नेली गेली. उन्हाळ्यात लसीकरणाला गेलेल्या आपल्या आशाताईंना या सवलतीची किंमत सांगायला नको.

आतापर्यंत ३० कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली. २०१७ नंतर या पट्ट्यात ‘ए’ गटाचा खात्री झालेला एकही रुग्ण सापडलेला नाही.

पण भावंडे उरलीच होती. २०१५ मध्ये नायजरमध्ये ‘सी’ गटाने साडेआठ हजारांच्या आसपास लोकांना गाठले आणि ५७३ जणांचा बळी घेतला. ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ही अधूनमधून डोके काढत होते. सीरम आणि पाथ पुन्हा कामाला लागले. ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स अशा पाचही गटांना आवरणारी लस २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती जगात सर्वांत आधी वापरली. त्यातल्या ‘एक्स’विरुद्ध तोवर जगात कुठेच लस नव्हती. श्रीमंत देशांत तो फारसा आढळत नाही, म्हणून कोणाला घाई नव्हती.