आवृत्ती कितवी?

घरात संगणकावर काम करणारं मूल असेल, तर 'गिट' हा शब्द एव्हाना तुमच्या कानांवरून गेला असेल. प्रोग्रॅम लिहिणारी दहा-वीस, कधी हजारो माणसं एकाच लिखाणावर हात फिरवत असतात. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली याची नोंद ठेवायची आणि बिघडलंच काही तर कालच्या खर्ड्यापाशी परत नेऊन सोडायचं, हे गिटचं काम. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ते लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. आम्हा कवींचे खर्डे रद्दीत जातात, म्हणून या सोयीचा मला हेवा वाटतो.

पण सगळ्यांच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या या वहीच्या स्वतःच्याही आवृत्त्या निघत असतात. आपल्या संगणकावर त्यातली कुठली आहे, हे विचारणं सोपं. टर्मिनलची खिडकी उघडायची आणि रोमन लिपीत, लहान अक्षरांत 'गिट' लिहायचं. मग एक मोकळी जागा सोडून दोन आडव्या रेघा, आणि रेघांना चिकटून 'व्हर्जन'. एंटर दाबलं की एका ओळीत उत्तर येतं : गिट व्हर्जन २.३४.१, किंवा असंच काही.

हा आकडा वाचताना भले भले चकतात. हे टिंब दशांशचिन्ह नव्हे. गणिताच्या वहीत २.१० पेक्षा २.९ मोठा, इथे मात्र २.९ जून २०१६ मध्ये आली आणि २.१० त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. ज्ञानेश्वरीत दुसऱ्या अध्यायातली दहावी ओवी नववीनंतर येते, कुराणात दुसऱ्या सूरेतली दहावी आयत नववीनंतर येते, तसंच हे. मधला आकडा वाढला की काही नव्या गोष्टी आल्या असं समजावं. शेवटचा वाढला तर बहुधा दुरुस्त्या. 'स्विच' आणि 'रिस्टोअर' या दोन आज्ञा ऑगस्ट २०१९ च्या २.२३ मध्ये आल्या. नव्या पुस्तकात बघून कुणी जुन्या संगणकावर 'स्विच' लिहिलं, तर गिट सरळ म्हणणार, अशी आज्ञा मला ठाऊक नाही. पोरगं बिचारं आपलं स्पेलिंग तपासत बसतं!

दुसरी भानगड अशी, की एका संगणकावर गिटच्या दोन प्रती असू शकतात. मॅकवर ऍपलची स्वतःची प्रत असते आणि उत्तरात कंसात ऍपलचं नाव येतं. तुम्ही नवी प्रत वेगळी आणून बसवलीत, तरी संगणक ज्या क्रमानं फोल्डर धुंडाळतो त्यात जुनी आधी सापडली, तर उत्तर जुनीच देते. अशा वेळी मॅक किंवा लिनक्सवर 'व्हिच गिट' आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर गिट' असं विचारावं; प्रत कुठे आहे ते कळतं. 'गिटहब डेस्कटॉप'सारखे प्रोग्रॅम तर आपली गिट बरोबर घेऊनच येतात. टर्मिनलमधल्या उत्तराचा तिच्याशी संबंध नसतो.

आता एवढी चौकशी कशासाठी? एप्रिल २०२२ मध्ये एक दोष उघड झाला. अनेक जण वापरतात अशा संगणकावर एखाद्यानं वरच्या फोल्डरात गुपचूप गिटचं फोल्डर करून ठेवलं, तर खालच्या फोल्डरात काम करणाऱ्या दुसऱ्याची गिट त्यातल्या सूचना आपल्याच मानायची. त्या सूचनांतून परक्याचा प्रोग्रॅमही चालवता येत असे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सामाईक संगणकाचा विचार करा, म्हणजे धोका लक्षात येईल. २.३५.२ मध्ये तो बुजवला आणि तीच दुरुस्ती मागच्या काही शाखांनाही दिली. त्यामुळे झालं असं, की २.३४.२ या दोषापासून सुरक्षित आणि तिच्याहून मोठ्या आकड्याची २.३५.१ मात्र असुरक्षित. नुसता मोठा आकडा पाहून निर्धास्त होता येत नाही, ते यामुळे.

लिनक्सच्या काही वितरणांत याहून नाजूक प्रकार असतो. उबुंटूच्या एप्रिल २०२२ च्या आवृत्तीत गिट २.३४.१ आहे. उबुंटूची मंडळी आकडा तोच ठेवून आतल्या आत दुरुस्त्या शिवतात, जुन्या कोटाला आतून अस्तर लावावं तशा. गिटला विचारलं तर ती २.३४.१ एवढंच सांगणार. तिथे आधी पॅकेजांची यादी ताजी करून घ्यावी आणि मग 'एपीटी पॉलिसी गिट' असं विचारावं. आकड्यामागे उबुंटूची लांब शेपटी दिसते. 'इन्स्टॉल्ड' आणि 'कॅंडिडेट' या दोन ओळींत शेपटीसकट एकच क्रमांक असेल, तर उबुंटूनं पाठवलेली दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोचली. वेगळा असेल, तर ती अजून वाटेत आहे.