ब्लूज शैलीतील माउथ ऑर्गनची साथसंगत : कॉर्डच्या स्वरांचा विचार

माउथ ऑर्गन हे वाद्य आपल्याकडील श्रोत्याला प्रामुख्याने हिंदी चित्रपटांमुळे परिचित झाले. ‘सोलवां साल’ (१९५८) मधील गीतात राहुलदेव बर्मन यांनी व ‘शोले’ (१९७५) मध्ये भानू गुप्ता यांनी वाजविलेल्या धुनी सर्वश्रुत आहेत. परिणामी हे वाद्य म्हणजे धून वाजविण्याचे साधन, अशी धारणा रूढ झाली. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतात मात्र या वाद्याकडे साथीचेही मोठे काम असते. ती साथ कशी साधावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात आपल्या सरगमच्या आधारे केले आहे.

आपल्या मैफलीतील हार्मोनियमवादक गायकाच्या स्वरावलीमागून सावलीसारखा जातो. हाच संस्कार घेऊन प्रस्तुत लेखकाने मीरा रोड येथील एका घरगुती बैठकीत ब्लूज गाणाऱ्या मित्राची प्रत्येक ओळ माउथ ऑर्गनवर त्याच्यासोबत वाजविली. तिसऱ्या ओळीला मित्र गाणे थांबवून म्हणाला, “मग मी गाऊ कशाला?” प्रश्न रास्त होता. ब्लूजमध्ये साथीदाराने गायकाला नव्हे, तर गाण्याखालून सरकणाऱ्या कॉर्डला अनुसरायचे असते. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह.

ब्लूजचे प्रचलित आवर्तन बारा खंडांचे, प्रत्येकी चार मात्रांचे, म्हणजे एकूण ४८ मात्रांचे असते. पहिले चार खंड षड्जाच्या कॉर्डवर, पुढील दोन मध्यमाच्या, पुन्हा दोन षड्जाच्या, नववा पंचमाच्या, दहावा मध्यमाच्या आणि अखेरचे दोन षड्जाच्या कॉर्डवर येतात. षड्जाच्या कॉर्डमध्ये सा, ग, प व कोमल नी. मध्यमाच्या कॉर्डमध्ये म, ध, सा व कोमल ग. तर पंचमाच्या कॉर्डमध्ये प, शुद्ध नी, रे व म हे स्वर असतात.

दहा छिद्रांचा, ‘सी’ पट्टीचा साधा माउथ ऑर्गन घेऊन ब्लूजवादक ‘जी’ पट्टीत वाजवितो. दुसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढला की षड्ज मिळतो. तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या छिद्रांतून तसाच श्वास ओढल्यास अनुक्रमे ग, प व कोमल नी मिळतात. अर्थात षड्जाची संपूर्ण कॉर्ड एका श्वासात, शेजारच्या चार छिद्रांत सामावलेली आहे. मध्यमाच्या कॉर्डसाठी पहिल्या तीन छिद्रांत फुंकर घातली की म, ध, सा उमटतात.

खरी गंमत पुढेच आहे. षड्जाच्या कॉर्डची ओळख पटविणारे दोन स्वर म्हणजे ग आणि कोमल नी. मध्यमाची कॉर्ड येताच हे दोन्ही केवळ अर्ध्या स्वराने खाली उतरतात : ग चा कोमल ग आणि कोमल नी चा ध होतो. पाचव्या छिद्रात यासाठी श्वासाची दिशा बदलणे एवढेच पुरते. ओढला तर कोमल नी, फुंकला तर ध. कोमल ग साठी मात्र तिसऱ्या छिद्रातील ओढलेला स्वर जिभेच्या साहाय्याने किंचित उतरवावा लागतो. मींडेची सवय असलेल्या कानाला हा स्वर लगेच ओळखू येतो. जिभेला मात्र वेळ लागतो. पंचमाच्या कॉर्डवर तेच दोन स्वर अर्ध्या स्वराने चढून म आणि शुद्ध नी होतात. पैकी म चौथ्या छिद्रात फुंकर घालून सहज मिळतो. शुद्ध नी या पट्ट्यात सरळ मिळत नाही, म्हणून नवशिक्याने तो सोडावा आणि चौथ्या छिद्रातील ओढलेला प किंवा सहाव्यातील ओढलेला रे धरावा. एकच खंड असल्याने ते खपून जाते.

तेव्हा आरंभी पाचव्या छिद्रातील एकाच स्वरजोडीवर सराव करावा. पहिले चार खंड कोमल नी, पाचव्या खंडाच्या पहिल्या मात्रेवर नेमका ध, सातव्याला पुन्हा कोमल नी. नवव्या खंडात गप्प राहिले तरी चालते. गिटार थांबवूनही ऐकणाऱ्याला कॉर्ड बदलल्याचे कळले, तर साथ जमू लागली असे समजावे. १९५०च्या दशकातील शिकागो येथील ध्वनिमुद्रणे या दृष्टीने पुन्हा ऐकण्याजोगी आहेत. त्यांत मडी वॉटर्स गात असताना लिटल वॉल्टर बहुधा मोजके स्वर धरून मागे राहतो आणि ओळ संपल्यावर, गायक श्वास घेतो तेवढ्या अवकाशातच पुढे येतो.